माउई इन्व्हिटेशनल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर जवळ आला की हे प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक दोन प्रकारचे असतात. एक, मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत शिकायला गेल्यावर ज्यांच्या घरात अचानक कॉलेज बास्केटबॉल शिरलं ते पालक. दुसरे, एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक लीग) कोळून प्यायलेले, पण कॉलेजच्या खेळाचं कोडं न सुटलेले. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत. साधे आधी, किचकट शेवटी.

१. माउई इन्व्हिटेशनल म्हणजे नेमकं काय?

अमेरिकी विद्यापीठांच्या पुरुष संघांची, मोसमाच्या सुरुवातीला होणारी निमंत्रितांची बास्केटबॉल स्पर्धा. हवाईतल्या माउई बेटावर, लाहायना गावाच्या सिव्हिक सेंटरमध्ये ती होते. १९८४ पासून चालू आहे. आठ संघ, तीन दिवस, बारा सामने. पात्रता फेरी वगैरे काही नाही. बोलावणं आलं तरच जायचं. नावापुढे प्रायोजक बदलत राहतात. काही वर्षं माउई जिम होतं, मग ऑलस्टेट आलं. स्पर्धा तीच.

२. दरवर्षी तारीख वेगळी कशी असते?

ती थँक्सगिव्हिंगला बांधलेली आहे. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्याच आठवड्यातले सोमवार, मंगळवार आणि बुधवार स्पर्धेचे. मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो, म्हणजे संघ इथे पोचतात तेव्हा त्यांचे जेमतेम चार-पाच सामने झालेले असतात. नवी मुलं अजून एकमेकांचा अंदाज घेत असतात.

३. एवढ्या मोठ्या विद्यापीठांना तिथे बोलावतं कोण? आणि हवाईतच का?

यजमान आहे शॅमिनाड विद्यापीठ. होनोलुलूतलं छोटं कॅथलिक विद्यापीठ. त्याचं नाव बास्केटबॉलमध्ये झालं ते एका रात्रीत, आणि स्पर्धेचा जन्मही त्या रात्रीतूनच झाला.

तारीख २३ डिसेंबर १९८२. व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर, एकही सामना न हरलेला. त्यांच्याकडे राल्फ सॅम्पसन होता : सात फूट चार इंच उंची, पुढच्याच वर्षी एनबीएच्या निवडीत सर्वांत आधी उचलला गेलेला खेळाडू. जपानमधले सामने आटोपून परतताना व्हर्जिनियाने होनोलुलूत एक सामना ठेवला होता. समोर शॅमिनाड, विद्यार्थी जेमतेम आठ-नऊशे. त्यातून हा संघ एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेतलाही नव्हता. लहान कॉलेजांच्या एनएआयए या वेगळ्या संघटनेत खेळायचा. तालुक्याच्या संघासमोर रणजी विजेता यावा, तशी ही जोडी.

शॅमिनाडचा टोनी रँडॉल्फ मूळचा व्हर्जिनियाचाच. शाळेत असताना तो सॅम्पसनविरुद्ध खेळलेला होता, आणि प्रशिक्षक मर्व्ह लोपेस यांनी त्यालाच सॅम्पसनवर लावलं. सॅम्पसनने सतरा रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर पकडलेले चेंडू) घेतले खरे, पण गुण फक्त बारा. रँडॉल्फचे एकोणीस. शॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२.

सामना टीव्हीवर नव्हता. हवाईत रात्र झालेली, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून गेलेली. तरी बातमी पसरली, आणि त्या विजयाचं नाव झालंय तोवर दरवर्षी मोठ्या संघांना इकडे बोलवा, ही कल्पना पुढे आली. खुद्द व्हर्जिनियाचे प्रशिक्षक टेरी हॉलंड यांनीच ती सुचवली, असं सांगतात. १९८४ ला चार संघांवर सुरुवात झाली आणि पहिलं विजेतेपद प्रॉव्हिडन्सने नेलं. लवकरच चाराचे आठ झाले.

४. संघ पहिल्या दिवशी हरला, तरी दुसऱ्या दिवशी खेळताना दिसतो. हे कसं?

कारण ही बाद स्पर्धा असूनही कुणी घरी जात नाही. पहिल्या दिवशी चार सामने. जिंकणारे चार उपांत्य फेरीत, हरणारे चार खालच्या फळीत. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे दोन-दोन सामने आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापासून आठव्यापर्यंत सगळ्या जागांचे निकाल. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर तीन सामने.

इतक्या लांब येऊन चाळीस मिनिटांत परत जावं लागणार असेल तर कुणी येणारच नाही, हा व्यवहार त्यामागे आहे. पण खेळाच्या दृष्टीनेही यात गंमत आहे. तीन दिवसांत तीन सामने असल्याने पुढच्या प्रतिस्पर्ध्याची तयारी एका रात्रीत करायची. सकाळच्या सरावात नवे डावपेच घोकून घेण्याएवढा वेळ नसतो, पायही जड झालेले असतात. बाकावरचा आठवा-नववा खेळाडू कसा आहे, हे तिसऱ्या दिवशी कळतं. मला विचाराल तर अंतिम सामन्याइतकाच तिसऱ्या जागेचा सामना बघण्यासारखा असतो. आदल्या रात्री उपांत्य फेरीत थोडक्यात हरलेला संघ सकाळी उठून कसा खेळतो, यावरून मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेतला त्याचा स्वभाव बराचसा दिसतो.

५. टीव्हीवर हॉल शाळेच्या जिमसारखा दिसतो. खरंच तेवढा लहान आहे?

हो. सुमारे २,४०० जागा. तुलनेसाठी, कॅन्सस विद्यापीठाच्या स्वतःच्या ॲलन फील्डहाउसमध्ये पंधरा हजारांवर लोक बसतात. लाहायनात कोर्टाची कड आणि पहिली रांग यांत फारसं अंतर नाही. बाहेर गावाचा रस्ता आणि समुद्र. आतला आवाज मात्र दहा हजारांच्या हॉलला लाजवील असा, कारण छत खाली आणि भिंती जवळ.

६. हेच का ते मार्च मॅडनेस? इथे जिंकल्यावर तिकडे थेट प्रवेश मिळतो का?

दोन्हींचं उत्तर नाही. मार्च मॅडनेस ही एनसीएएची ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा, मोसमाच्या शेवटी होणारी. तिथे थेट प्रवेश आपापली कॉन्फरन्स (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) जिंकणाऱ्यांना मिळतो, बाकीचे निवड समिती ठरवते. माउईच्या विजेत्याला मिळतो तो करंडक. समिती मार्चमध्ये कागद चाळायला बसते तेव्हा इथले निकाल त्यात असतात, एवढाच संबंध. तो कसा, ते पुढच्या उत्तरात.

७. मग नोव्हेंबरमधल्या तीन सामन्यांचं एवढं काय?

एनसीएए २०१८ पासून ‘नेट’ नावाचं मानांकन वापरते. त्यात प्रत्येक विजय कुणाविरुद्ध आणि कुठे मिळाला हे पाहून चार गटांत टाकला जातो. सर्वांत वजनदार पहिला गट. त्यात बसायला घरच्या कोर्टवर हरवलेला संघ पहिल्या ३० मधला लागतो, तटस्थ कोर्टवर पहिल्या ५० मधला, प्रतिस्पर्ध्याच्या घरी पहिल्या ७५ मधला.

लाहायना बहुतेक सगळ्यांना तटस्थ. म्हणजे ४५ व्या क्रमांकाच्या संघाला स्वतःच्या विद्यापीठात हरवलं तर दुसऱ्या गटातला विजय, आणि त्यालाच माउईत हरवलं तर पहिल्या गटातला. शिवाय मानांकन रोज बदलतं. नोव्हेंबरमध्ये साधा वाटलेला विजय, तो प्रतिस्पर्धी पुढे चमकला तर मार्चपर्यंत सोन्याचा होतो. आणि जानेवारीपासून संघ आपापल्या कॉन्फरन्समध्ये अडकतात. बाहेरच्या तगड्या संघांशी एका आठवड्यात तीन सामने पुन्हा मिळत नाहीत.

८. माउई जिंकणारा संघ पुढे राष्ट्रीय विजेता होतो का?

होतो कधी कधी. मिशिगनने १९८८ ला माउई जिंकली आणि १९८९ च्या वसंतात राष्ट्रीय विजेतेपद. नॉर्थ कॅरोलायनाने हे तीनदा केलं : २००४, २००८ आणि २०१६ च्या माउईनंतर. सगळ्यात गोड गोष्ट कनेक्टिकटची, म्हणजे यूकॉनची. २०१० ला तो संघ माउईला आला तेव्हा देशातल्या पहिल्या पंचविसांत नव्हता. केंबा वॉकर नावाच्या बारक्या गार्डने तीन दिवस सगळ्यांना नाचवलं, अंतिम सामन्यात केंटकीला हरवलं, आणि एप्रिल २०११ मध्ये तोच संघ देशाचा विजेता.

उलट उदाहरणंही भरपूर आहेत. माउई जिंकून मोसम फसलेले संघ कमी नाहीत. २०२३ चा विजेता पर्ड्यू राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे यूकॉनकडून हरला. २०२४ चा विजेता ऑबर्न अंतिम चारांत पोचला. भाकीत म्हणून नको, कस म्हणून बघा.

९. संघ कसे निवडतात? आमच्या मुलाचं विद्यापीठ दरवर्षी का नसतं?

आयोजक काही वर्षं आधीच करार करतात. त्यामुळे कधी कधी बोलावलं तेव्हा बलाढ्य असलेला संघ प्रत्यक्ष येईपर्यंत ढेपाळलेला असतो. त्याला इलाज नाही.

दरवर्षी न येण्यामागे अनेक वर्षं एक नियम होता : एकच संघ एका स्पर्धेत चार वर्षांतून एकदाच. नॉर्थ कॅरोलायनाच्या वाऱ्या पाहा : २००४, २००८, २०१२, २०१६, २०२०, २०२४. कॅन्ससच्या २०१५, २०१९, २०२३. शिवाय एका कॉन्फरन्समधून सहसा एकच संघ घ्यायचा, हीही माउईची रीत. म्हणून एकाच कॉन्फरन्समधले ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना इथे सहसा एकत्र दिसत नाहीत. शॅमिनाडला मात्र यजमान म्हणून वेगळा न्याय. तो प्रश्न १० मध्ये.

जाण्यात फायदाही होता. अनेक वर्षं अशा स्पर्धेत उतरणाऱ्या संघाला नियमित मोसमात स्पर्धेचे धरून ३१ सामने खेळता यायचे, न उतरणाऱ्याला २९.

१०. शॅमिनाड जवळपास नेहमी हरतं. मग त्यांना घेतात कशाला? आणि काही वर्षी ते गायब का असतात?

घेतात, कारण स्पर्धा त्यांची आहे. शॅमिनाड आता एनसीएएच्या डिव्हिजन टूमध्ये, म्हणजे मोठ्या विद्यापीठांच्या डिव्हिजन वनच्या एक पायरी खाली, खेळतं. पूर्ण शिष्यवृत्त्या आणि चार्टर विमानं असलेल्या संघांसमोर ते हरणारच. तरी अधूनमधून दणका देतात. २०१० ला ओक्लाहोमा ६८-६४. २०१२ ला टेक्सास ८६-७३. २०१७ ला कॅलिफोर्निया ९६-७२, म्हणजे चोवीस गुणांनी. अशा दिवशी २,४०० जणांच्या हॉलमध्ये कुठल्याही विद्यापीठाचा शर्ट घातलेला माणूस शॅमिनाडचा होतो. अपवाद फक्त समोरच्या बाकामागच्या दोन-चार रांगांचा.

२०१८ पासून शॅमिनाड विषम वर्षांतच खेळतं : २०१९, २०२१, २०२३, २०२५. सम वर्षांत आठही संघ डिव्हिजन वनचे. यजमानच मैदानाबाहेर हे मला खटकतं. पण त्यामागचं गणित प्रश्न १७ मध्ये आहे, आणि ते नाकारता येत नाही.

११. सर्वांत जास्त वेळा कोण जिंकलं?

ड्यूक, पाचदा : १९९२, १९९७, २००१, २००७, २०११. विशेष म्हणजे २०१८ च्या अंतिम सामन्यापर्यंत ड्यूक माउईत एकही सामना हरलं नव्हतं. सतरापैकी सतरा. त्या वर्षी त्यांच्याकडे झायन विल्यमसन होता, म्हणून अठरावाही गृहीतच धरला होता. गोन्झागाने ८९-८७ ने ती माळ तोडली. शेवटच्या मिनिटात ड्यूकने बरोबरीसाठी एकामागून एक प्रयत्न केले आणि गोन्झागाच्या उंच पोरांनी ते हवेतच अडवले. जपानचा रुई हाचिमुरा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१२. मध्ये काही वर्षं स्पर्धा माउईत नव्हतीच ना?

तीन वेळा नव्हती. २०२० ला कोविडमुळे ती नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲशव्हिल शहरात, प्रेक्षकांविना झाली. गंमत अशी की अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्वतःच्याच राज्यात टेक्सासकडून ६९-६७ ने हरलं, तेही अगदी शेवटच्या क्षणाच्या बास्केटवर. २०२१ ला लास वेगास, विजेता विस्कॉन्सिन. २०२३ ला होनोलुलू. त्याचं कारण खाली. नाव तिन्ही वर्षी माउईच राहिलं.

१३. लाहायना जळालं ना? मग तो हॉल वाचला का?

८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात लाहायनाचं जुनं गाव जवळपास संपूर्ण जळालं. शंभरहून अधिक माणसं गेली. सिव्हिक सेंटर वाचलं आणि पुढे मदतकार्यासाठी वापरलं गेलं. त्या नोव्हेंबरमध्ये स्पर्धा होनोलुलूला, हवाई विद्यापीठाच्या दहा हजारांच्या हॉलमध्ये हलवली. योगायोग असा की त्याच वर्षी संघांची यादी कधी नव्हे इतकी तगडी होती. कॅन्सस, पर्ड्यू, मार्क्वेट, टेनेसी आणि गोन्झागा असे पाच संघ देशातल्या पहिल्या अकरांमधले. २०२४ ला स्पर्धा लाहायनाला परतली.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट. लाहायनाच्या चौकात १८७३ ला लावलेलं एक अवाढव्य वडाचं झाड आहे. रोप गेलं होतं भारतातून. आगीत ते होरपळलं, काही फांद्या कापाव्या लागल्या, पण पुन्हा पालवी फुटली.

१४. भारतातून पाहायचं तर किती वाजता?

हवाई भारताच्या साडेपंधरा तास मागे. तिथे घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही, म्हणून हा फरक कायमचा. माउईत सोमवारी सकाळी साडेनऊचा सामना म्हणजे पुण्यात सोमवारची मध्यरात्र उलटून एक. दुपारी बाराचा म्हणजे पहाटे साडेतीन. संध्याकाळी साडेसहाचा म्हणजे सकाळी दहा, हा आपल्याला सगळ्यात सोयीचा.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना शेवटचा सामना रात्री साडेअकराला सुरू होतो, कॅलिफोर्नियावाल्यांना साडेआठला. अमेरिकेत सामने ईएसपीएनच्या वाहिन्यांवर दिसतात.

१५. एनबीए पाहतो. इथले नियम वेगळे वाटतात.

थोडक्यात : बारा मिनिटांच्या चार सत्रांऐवजी वीस-वीस मिनिटांचे दोन भाग. शॉट क्लॉक २४ ऐवजी ३० सेकंद. सहाव्याऐवजी पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ, तो तसाच. पाच फाउलांचा नियम लहान वाटतो, पण मुख्य उंच खेळाडूला पूर्वार्धात दोन फाउल लागले की प्रशिक्षक त्याला बसवतात आणि सामना तिथेच कलतो.

१६. २०२४ ला यूकॉन गतविजेतं असून तिन्ही सामने कसं हरलं?

यूकॉन २०२३ आणि २०२४ असं सलग दोनदा राष्ट्रीय विजेतं होऊन आलं होतं. पहिला सामना मेम्फिसशी. जादा वेळेत ९२-९२, चाळीसेक सेकंद उरलेले. रिबाउंडला उडी मारताना यूकॉनच्या खेळाडूवर मागून चढल्याचा फाउल दिला. प्रशिक्षक डॅन हर्ली यांना तो इतका अमान्य झाला की ते बाकासमोर अक्षरशः जमिनीवर आडवे झाले. त्यावर तांत्रिक फाउल, म्हणजे गैरवर्तनाचा. मेम्फिसला सलग चार फ्री थ्रो (एकेका गुणाचे मोकळे नेम) मिळाले, चारही आत. निकाल ९९-९७. दुसऱ्या दिवशी कोलोराडोकडून ७३-७२, तिसऱ्या दिवशी डेटनकडून ८५-६७.

म्हणजे दोन पराभव मिळून तीन गुणांचे, आणि तिसरा मात्र निखळ थकव्याचा. असं का होतं ते प्रश्न ४ मध्ये आहेच. मार्चमध्ये त्यांना निवड मिळाली, पण आपल्या विभागात आठव्या मानांकनाची. म्हणून दुसऱ्याच फेरीत पहिल्या मानांकनाचं फ्लोरिडा समोर आलं, यूकॉन ७७-७५ ने हरलं आणि फ्लोरिडा पुढे विजेतं झालं. नोव्हेंबरची उधारी मार्चमध्ये अशी वसूल होते.

१७. शॅमिनाडला हरवलेलं मानांकनात धरतात का? आणि त्यांच्याकडून हरलं तर?

दोन्ही नाही. ‘नेट’मध्ये फक्त डिव्हिजन वनच्या संघांमधले सामने मोजतात. म्हणून पहिल्या दिवशी शॅमिनाड वाट्याला आलं की विजय नोंदीत दिसतो, पण गटांच्या हिशोबात शून्य. इतका प्रवास करून तीनऐवजी दोनच सामने कामाचे. विषम-सम वर्षांच्या तोडग्यामागचं गणित हेच. शॅमिनाडकडून हरलात तरी संगणक काही म्हणत नाही, समितीतली माणसं मात्र वाचू शकतात.

१८. खेळाडूंना पैसे मिळतात का? लास वेगासच्या नव्या स्पर्धेमुळे माउई मागे पडतेय असं ऐकलं.

माउईत बक्षिसाची रक्कम नाही. पण २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येतात. त्याच वाटेने २०२४ ला लास वेगासमध्ये ‘प्लेयर्स एरा’ स्पर्धा सुरू झाली, तीही थँक्सगिव्हिंगच्याच आठवड्यात. येणाऱ्या प्रत्येक संघाच्या खेळाडूंसाठी दहा लाख डॉलर. पहिल्या वर्षी आठ संघ होते, दुसऱ्या वर्षी अठरा. मोठी नावं तिकडे वळली. २०२५ ची माउईची यादी २०२३ च्या शेजारी ठेवली तर फरक लगेच दिसतो. ती सदर्न कॅलिफोर्नियाने अंतिम सामन्यात ॲरिझोना स्टेटला हरवून जिंकली. सामने चुरशीचे झाले, पण देशाचं लक्ष वेगासकडे होतं.

अलास्कातल्या अँकरेजची ग्रेट अलास्का शूटआउट ही अशीच एकेकाळची मानाची स्पर्धा, १९७८ पासूनची. मोठे संघ येईनासे झाले आणि २०१७ ला ती बंद पडली. माउईचं तसं होईल असं मला वाटत नाही, कारण इथे यजमानाची गोष्ट आहे आणि गाव आहे. पण दहा लाख डॉलरसमोर गोष्ट किती वर्षं टिकते, हे संघांच्या पुढच्या याद्याच सांगतील.

१९. प्रत्यक्ष जायचं असेल तर?

हॉल लहान असल्याने तिकिटं आधी विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांत आणि प्रवास-पॅकेजांत संपतात. मुलाच्या विद्यापीठाचं नाव यादीत दिसलं की उन्हाळ्यातच त्यांच्या क्रीडा विभागाकडे चौकशी करा. मोठा विमानतळ काहुलुई; तिथून लाहायना गाडीने साधारण तासाभरावर. व्हिसा नेहमीचा अमेरिकेचाच. आणि एका संघासाठी जात असलात तरी तिकीट तिन्ही दिवसांचं घ्या, कारण पहिल्या दिवसानंतर तो संघ किती वाजता खेळणार हे आदल्या रात्रीशिवाय कळत नाही.